महासागरावरचं संशोधन जहाज: पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रसायनशास्त्राची. नोकरीच्या काळात समुद्राच्या पाण्याचे नमुने तपासायला संशोधन जहाजांवर बऱ्याचदा गेले. आता पाषाणला राहते आणि शाळा-कॉलेजांत, ज्येष्ठ नागरिक संघांत, कधी सोसायटीच्या गणेशोत्सवात या विषयावर बोलते. प्रश्न सगळीकडे साधारण तेच येतात आणि वेळ संपल्यामुळे उत्तरं अर्धवट राहतात. ती इथे सविस्तर लिहून ठेवते आहे.

पुण्यात समुद्रच नाही. मग पुणेकरांनी या जहाजांची माहिती कशाला करून घ्यायची?

खडकवासला यंदा भरणार का, हे आपण जूनपासून रोज विचारतो. त्या धरणात पडणारं पाणी अरबी समुद्रावरून येतं. समुद्राचा वरचा थर किती गरम आहे, तो किती खोलपर्यंत गरम आहे आणि तिथून किती बाष्प वर चाललं आहे, यावर पावसाचं बरंच काही ठरतं. हे मोजायला कुणीतरी तिथे जावं लागतं.

शिवाय ज्या संस्थांना ही मोजमापं लागतात त्यांतल्या महत्त्वाच्या संस्था याच शहरात आहेत. हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही आपण सिमला ऑफिसच म्हणतो. पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ ची. समुद्र आणि वातावरण एकत्र चालवणाऱ्या संगणकी मॉडेलवर तिथे मान्सूनच्या अंदाजाचं काम होतं. खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, तिथे देशभरातल्या बंदरांच्या प्रतिकृती बांधून लाटांचा अभ्यास करतात. १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात मान्सूनचा मोठा प्रयोग झाला. ‘सागर कन्या’ आणि ‘सागरध्वनी’ ही जहाजं भर पावसाळ्यात समुद्रात होती आणि त्या प्रयोगात पुण्याचे शास्त्रज्ञही होते.

हे जहाज मालवाहू किंवा प्रवासी जहाजापेक्षा वेगळं कशात असतं?

थांबण्यात. बाकीची जहाजं एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाण्यासाठी बांधतात. संशोधन जहाज मुख्यतः भर समुद्रात एका जागी थांबण्यासाठी बांधतात. वेगाचं कौतुक त्याला नसतं, दहा-बारा नॉट म्हणजे ताशी साधारण वीस किलोमीटर पुरे होतात. ही एक गोष्ट धरली की जहाजातली बाकी बहुतेक रचना आपोआप समजत जाते.

थांबायचं म्हणजे नांगर टाकायचा, असं लोकांना वाटतं. चार किलोमीटर खोल पाण्यात नांगर टाकून जहाज रोखून धरता येत नाही. खाली तारेला लाखो रुपयांचं उपकरण लटकलेलं असताना जहाज सरकलं, तर तार तिरपी होते, जहाजाच्या कडेवर घासते, वाईट वेळी जहाजाला पुढे ढकलणाऱ्या पंख्यातही जाते. म्हणून आधुनिक जहाजात संगणक जहाज धरून ठेवतो. उपग्रहावरून जागा कळते, वाऱ्याचं आणि दिशेचं मापक बरोबर असतं, आणि त्यावरून संगणक ठरवतो की कुठला थ्रस्टर किती फिरवायचा. थ्रस्टर म्हणजे जहाजाला आडवं ढकलणारे किंवा कुठल्याही दिशेला वळणारे पंखे, नाळेजवळ म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला आणि पिछाडीला बसवलेले. चांगलं बसवलेलं जहाज वारा-प्रवाहात तासन्‌तास काही मीटरांच्या आत उभं राहतं. आपल्या ‘सागर निधी’ या जहाजावर अशी व्यवस्था आहे.

यासाठी इंजिन आणि मुख्य पंखा यांचा थेट सांधाही नकोसा होतो. डिझेल जनरेटर वीज तयार करतात आणि पंखे विजेच्या मोटरवर चालतात. उभं राहताना एखादाच जनरेटर, भरधाव जाताना सगळे, अशी सोय होते. दुसरा फायदा आवाजाचा.

आवाजाचं एवढं काय? समुद्रात कोण ऐकतंय?

जहाज स्वतःच ऐकत असतं. पाण्यात प्रकाश फार खोल जात नाही, रेडिओलहरी तर जवळजवळ जातच नाहीत. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने लांबवर जातो. त्यामुळे समुद्राचा तळ, माशांचे थवे, पाण्याचे प्रवाह, सगळं ध्वनीने बघावं लागतं. ४००० मीटर खोल तळावर आवाज सोडला तर प्रतिध्वनी यायला पाच सेकंदांहून जास्त लागतात आणि तो अगदी क्षीण झालेला असतो. त्या वेळी आपलंच इंजिन धडधडत असेल तर काय ऐकू येणार? म्हणून जनरेटर रबरी किंवा स्प्रिंगच्या पायांवर बसवतात आणि पंख्याची पाती अशी घडवतात की त्यांच्याभोवती बुडबुडे उठू नयेत. मत्स्यसंशोधनाच्या जहाजांसाठी तर पाण्यातल्या आवाजाची आंतरराष्ट्रीय शिफारस १९९५ पासून आहे, कारण जहाजाच्या आवाजाने मासे बाजूला झाले तर मोजणीच चुकते.

तळाचा नकाशा काढणारं यंत्र म्हणजे मल्टिबीम. एकाच वेळी ध्वनीचे शेकडो बारीक झोत डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत खाली जातात, आणि जहाज पुढे सरकेल तसा खोलीच्या तिपटीहूनही रुंद पट्टा रंगत जातो. पडद्यावर ते बघताना मी जेवायला जायची विसरत असे. पण एक अंशाचा झोत ४००० मीटरवर पोहोचेपर्यंत सत्तर मीटर रुंद होतो. यापेक्षा धूसर चित्र नको असेल, तर खोल समुद्राच्या यंत्राची ध्वनी सोडणारी-ऐकणारी पट्टी सात-आठ मीटर लांब लागते, एक लांबीत आणि एक आडवी. म्हणजे जहाजाच्या बुडाला तेवढी सपाट, स्वच्छ जागा आधीपासून राखून ठेवावी लागते. जुन्या जहाजाला नंतर हे यंत्र बसवणं कठीण जातं ते यामुळेच.

बुडबुड्यांचा त्रास वेगळाच. नाळ लाटेवर आपटली की हवा पाण्यात मिसळते आणि बुडाखालून मागे वाहत येते. ध्वनीला हवेचा पडदा ओलांडता येत नाही. त्यावर उपाय म्हणून यंत्रं बुडापासून थोडी खाली, होडीसारख्या कप्प्यात बसवतात, किंवा खाली-वर सरकणाऱ्या कण्यावर.

फोटोत मागचा डेक नेहमी रिकामा दिसतो. जागा वाया नाही का जात?

तीच सगळ्यात महागाची जागा आहे. या महिन्यात त्यावर तळाची माती आणणारी नळी असते, पुढच्या महिन्यात समुद्रात तरंगत सोडायचे बॉय, त्याच्या पुढे कुणाची तरी कंटेनरमधली प्रयोगशाळा. म्हणून अनेक जहाजांच्या डेकवर ठरावीक अंतरावर, बहुधा दोन-दोन फुटांवर, आटे पाडलेली भोकं असतात. काहीही आणा आणि बोल्टने आवळा.

कंटेनरमधल्या प्रयोगशाळेचं एक उदाहरण देते. समुद्राच्या पाण्यातलं लोह मोजायचं असतं आणि ते इतकं कमी असतं की जहाजाच्या गंजाचा एक कण पडला तरी नमुना गेला. लोखंडाच्या जहाजावर बसून लोह मोजायचं! त्यासाठी पोलादी तारेऐवजी कृत्रिम धाग्याची केबल, आतून लेप दिलेल्या बाटल्या, आणि गाळलेली हवा आतून बाहेर ढकलत राहणारा बंद कंटेनर लागतो.

पिछाडीला दिसणारी मोठी कमान म्हणजे ए-फ्रेम. जड वस्तू ती डेकवरून उचलते आणि मागे कलून पाण्यावर नेते.

सीटीडी, सीटीडी म्हणतात ते काय?

वाहकता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र. वाहकतेवरून क्षारता काढतात. पोलादी गोल चौकटीत मध्यभागी सेन्सर आणि भोवती पाण्याच्या बाटल्या, बहुतेक वेळा १० लिटरच्या २४. ही चौकट जहाजाच्या बगलेतून किंवा पिछाडीवरून तारेला लावून सोडतात. तार म्हणजे साधारण ८ मिलिमीटर जाडीची केबल. मधून वीज आणि माहिती जाते, बाहेरून पोलादी तारांचे दोन थर एकमेकांच्या उलट पिळाचे, म्हणजे ओझ्याखाली ती गरगरत नाही. अशा ६००० मीटर केबलचं नुसतं वजन दीड टनाच्या आसपास भरतं. एवढं ओझं बाळगणारी विंच, म्हणजे केबल गुंडाळणारं यंत्र, डेकखाली किती जागा खात असेल, याची कल्पना करा.

उतरवण्याचा वेग मिनिटाला साधारण साठ मीटर. ४००० मीटर खाली जायला सव्वा तास, वर येताना बाटल्या बंद करायला थांबत थांबत आणखी जास्त. एक फेरी अडीच-तीन तासांची. रात्री दोनला सुरू झाली तर पहाटे पाचला संपते. तोवर ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातला, अधिकारी जहाज धरून उभा असतो, विंचवरचा खलाशी ताणाच्या आकड्यावरून नजर हटवत नाही आणि आम्ही पडद्यावर उमटणारी रेघ बघत असतो.

बाटल्या खाली जाताना दोन्ही टोकांना उघड्या असतात. बंद नेल्या तर ४००० मीटरवर सुमारे ४०० वातावरणांचा दाब त्यांना चिरडून टाकील. वर येताना हव्या त्या खोलीवर बटण दाबायचं, की त्या बाटलीची दोन्ही झाकणं ताणलेल्या रबराने फटकन मिटतात.

एका मोहिमेत २८०० मीटरवर रेघ अचानक बंद पडली. केबलच्या टोकाच्या जोडात पाणी शिरलं होतं. सगळं वर घ्यायचं, खराब टोक कापायचं, नवा जोड करायचा आणि त्यावरचा राळेचा लेप वाळेपर्यंत वाट बघायची. सबंध रात्र गेली आणि पुढची दोन स्टेशनं, म्हणजे थांबून मोजायच्या ठरलेल्या जागा, रद्द करावी लागली. गंमत म्हणजे ते सहा तास जहाज अगदी आदर्श पद्धतीने जागच्या जागी उभं होतं.

पाणी वर आल्यावर पुढे काय?

आमचं काम इथे सुरू होतं. बाटल्यांभोवती रांग लागते आणि त्या रांगेत क्रम असतो, तो कुणी मोडत नाही. विरघळलेल्या वायूंचे नमुने आधी, कारण बाटली उघडली की हवा आत शिरू लागते. ऑक्सिजनवाली म्हणून माझा नंबर बहुतेक पहिला.

छोट्या काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत रबरी नळी घालायची, पाणी हळू सोडायचं, बाटली भरून दोन-तीन वेळा ओसंडू द्यायची. नळीत एकही बुडबुडा नको. बुडबुडा दिसला की नळी चिमटीत धरून टिचकी मारायची. मग मँगनीजचं द्रावण आणि अल्कलीतलं आयोडाइड पाण्याखाली सोडायचं, बूच तिरपं सरकवत बसवायचं आणि बाटली उलटसुलट हलवायची. आत साका तयार होतो. वरच्या थरातल्या पाण्यात तो गडद तपकिरी, कडक चहाच्या गाळासारखा. अरबी समुद्रात दीडशे-दोनशे मीटरच्या खाली गेलात की रंग फिका होत जातो आणि मग एक बाटली येते तिच्यात साका पांढरा असतो, ताकातल्या कणीसारखा. पांढरा म्हणजे त्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. अरबी समुद्रात साधारण १००० मीटरपर्यंत असा जाड थर आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी एक. वाचून तो मला माहीत होता. पण हातातल्या ओळीत तपकिरीकडून पांढऱ्याकडे जाणाऱ्या बारा बाटल्या पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मी बराच वेळ त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

डोलणाऱ्या जहाजावर तराजू कसा चालतो?

चालत नाही. हा प्रश्न गरवारे कॉलेजजवळच्या एका व्याख्यानात आठवीतल्या मुलाने विचारला होता आणि आजवरचा तो सर्वांत नेमका प्रश्न आहे. संवेदनशील तराजू लाटेबरोबर वर-खाली होणारं वजन दाखवतो. म्हणून जी जी रसायनं लागणार ती निघण्यापूर्वी जमिनीवर वजन करून, पुड्या करून, चिठ्ठी लावून न्यायची. जहाजावर पुडी फोडायची आणि मोजलेल्या पाण्यात विरघळवायची. साध्या ब्युरेटमधली (द्रावण मोजून सोडायच्या काचेच्या नळीतली) पातळीही स्थिर राहत नाही, तिथे मोटरने दट्ट्या ढकलणारं ब्युरेट वापरतात. टेबलांना कडा असतात, कपाटांना खिट्या, आणि प्रत्येक वस्तू दोरीने बांधलेली. नव्या मुलांना पहिली शिकवण हीच, की हातातून सोडण्यापूर्वी बांधायचं.

जहाजाचं डोलणं कमी करायला बुडाच्या दोन्ही बगलांना लांब पट्ट्या असतात. काही जहाजांत पाण्याच्या खास टाक्या असतात, त्यांतलं पाणी उलट वेळेला एका बाजूकडून दुसरीकडे जातं.

समुद्राच्या तळाची माती कशी आणतात?

वजन लावलेली लांब पोकळ नळी तळात घुसवतात. पिस्टन कोअररमध्ये नळीच्या आत एक दट्ट्या असतो, नळी खाली घुसताना तो तळाच्या पातळीवर थांबतो, त्यामुळे गाळ चेपत नाही आणि थर जसेच्या तसे वर येतात. अशा कित्येक मीटरच्या गाळात हजारो वर्षांच्या मान्सूनची नोंद असते. तळावरचे खडक किंवा गोळे हवे असतील तर जबड्यासारखं उघडणारं ग्रॅब वापरतात. २६ जानेवारी १९८१ ला ‘गवेषणी’ या जहाजाने हिंदी महासागरातला पहिला बहुधातू गोळा वर आणला, आणि १९८७ मध्ये भारताला त्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

हवामानाची उपकरणं नाळेवरच्या डोलकाठीवरच का?

जहाज हे तापलेलं लोखंड आहे. धुराडं, एसीची गरम हवा, गॅलीतली फोडणी, हे सगळं मापात येतं. नाळेवर वारा पहिल्यांदा लागतो, म्हणून तिथली हवा त्यातल्या त्यात स्वच्छ. हवेतले कण मोजणारे तर वारा मागून आला की त्या वेळची नोंद बाजूलाच काढतात. हवामानाची उपकरणं वर नेणारा फुगा सोडायचा असेल तेव्हा कॅप्टनला विनंती करून जहाज वाऱ्याच्या दिशेनेच न्यायला लावतात, म्हणजे डेकवर वारा पडल्यासारखा होतो आणि फुगा सरळ वर निघतो.

समुद्राचं तापमान पूर्वी बादलीने पाणी काढून मोजत. कापडी बादलीतलं पाणी बाष्पीभवनाने थंड होई, इंजिनाकडे जाणारं पाणी मोजलं तर ते किंचित गरम निघे. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी वापरताना आजही हा फरक दुरुस्त करावा लागतो.

उपग्रह आहेत, आपोआप तरंगणारी आर्गो यंत्रं आहेत. मग जहाज कशाला?

उपग्रहाला फक्त पृष्ठभाग दिसतो, आणि अवरक्त किरणांनी बघणाऱ्याला ढगांखालचं काहीच दिसत नाही. आपल्याला नेमकं मान्सूनच्या ढगांखालचं हवं असतं. आर्गो मला मनापासून आवडतात. जगभरात सुमारे ४००० आहेत, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत जाऊन येतात आणि माहिती पाठवतात. पण महासागराची सरासरी खोली ३७०० मीटरच्या आसपास आहे. आर्गो पाणी घेऊन परत येत नाही, गाळ आणत नाही, आणि त्याचा सेन्सर हळूहळू चुकू लागला तर ते कळायला जहाजावर तपासलेलं पाणीच लागतं. शिवाय त्यांना समुद्रात नेऊन सोडतं कोण?

आणखी एक. नारळी पौर्णिमेआधी कोळी होड्या काढत नाहीत, आणि मान्सूनच्या अभ्यासाला नेमकं त्याच काळात जावं लागतं. तेव्हा टिकून काम करणारं जहाज हवं.

भारताकडे कोणती जहाजं आहेत?

‘सागर कन्या’ १९८३ ची, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत बांधलेली, सुमारे १०० मीटर लांब. ‘सागर संपदा’ डेन्मार्कची, मासे आणि सागरी जीवांच्या अभ्यासासाठी. ‘सागर निधी’ इटलीत बांधलेली, २००८ पासून कामात, बर्फाळ पाण्यात जाऊ शकणारी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची ‘सिंधु साधना’ ८० मीटरची, गुजरातेत बांधलेली, २०१४ ची. किनाऱ्याजवळच्या कामासाठी ‘सागर तारा’ आणि ‘सागर अन्वेषिका’. नौदलाच्या ध्वनिसंशोधनासाठी ‘सागरध्वनी’. नव्या मोठ्या जहाजाचं काम २०२४ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे दिलं गेलं, याचा मला फार आनंद झाला. आपल्या समुद्राच्या गरजा माहीत असलेल्या लोकांनीच ते बांधावं, असं मला वाटत होतं.

पिण्याचं पाणी?

समुद्राचंच, गोडं करून. आंघोळीला जपून वापरायचं.

बोट लागते का?

लागते. मला प्रत्येक वेळी पहिले दोन दिवस लागली. गोळी आधी घ्यायची, कोरडं काहीतरी खात राहायचं, डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघायचं. तिसऱ्या दिवशी भूक लागते.

मुलींची सोय असते का?

आता असते. पण हा प्रश्न जहाजाच्या आराखड्याचा आहे, हे ठासून सांगते. माझ्या सुरुवातीच्या काळात एका मोहिमेतून माझं नाव गळलं, कारण दोन-दोन केबिनना मिळून एक न्हाणीघर होतं आणि मी एकटीच बाई होते. उपकरण माझं, पद्धत मी बसवलेली, आणि नमुने दुसऱ्याने घेतले. त्याचं वाईट आजही वाटतं. प्रत्येक केबिनला स्वतःचं न्हाणीघर कागदावर आखताना दिलं, की पुढची तीस-चाळीस वर्षं हा अडसर कुणापुढे येत नाही. दार, जिना, हाताची उंची, जड झाकणांचे हँडल, हे सगळं अनेक प्रकारच्या माणसांना धरून आखावं.

पुण्यातल्या विद्यार्थ्याला जहाजावर जायचं असेल तर?

थेट तिकीट काढून जाता येत नाही. जहाजाचे दिवस प्रकल्पांना मिळतात, म्हणून आधी अशा प्रकल्पात शिरावं लागतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, प्राणिशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, कुठूनही येता येतं. विद्यापीठाचा वातावरणविज्ञान विभाग, पाषाणच्या संस्था, गोव्यातल्या संस्था, यांच्याकडे एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विचारा. वैद्यकीय तपासणी होते आणि ती मनापासून द्या, दुखणं लपवू नका, कारण किनारा कित्येक दिवस लांब असतो.

नेताना न घसरणारे बंद बूट, एक स्वेटर (प्रयोगशाळेतला एसी फार थंड असतो), पाण्याने न पुसणारी पेनं आणि शाईऐवजी पेन्सिलीने लिहिलेली लेबलं. बाटली ओली झाली तरी पेन्सिलीचा आकडा राहतो.